‘पहिला’ म्हणजे कितवा? मुंबई मॅरेथॉनच्या निकालांची पार्श्वभूमी

जानेवारीतला तिसरा रविवार उलटला की सोमवारच्या पेपरात पुरुषांचे दोन विजेते दिसतात. एक बहुतेक वेळा इथिओपियाचा किंवा केनियाचा, दुसरा आपला. २०२३ चीच शर्यत घ्या. एकूण विजेत्याने २:०७:३२ अशी वेळ नोंदवून नवा स्पर्धाविक्रम केला. भारतीयांत पहिला आलेला २:१६:४१ मध्ये पोहोचला. एकूण क्रमवारीत तो दहावा होता. मथळ्यांत मात्र दोघांनीही मॅरेथॉन ‘जिंकली’.

पुण्यात मॅरेथॉन १९८३ पासून होत होती. मुंबईची आजची शर्यत त्यामानाने धाकटी, पहिली धावली गेली १५ फेब्रुवारी २००४ ला. पुढच्या वर्षीपासून ती जानेवारीत आली आणि तिथेच रुळली. तेव्हापासून पहिल्या क्रमांकासाठी झुंजणारा घोळका आफ्रिकी धावपटूंचाच राहिला आहे. (सहाएक किलोमीटरची ड्रीम रन करून ‘मॅरेथॉन पळालो’ म्हणणारे प्रत्येक सोसायटीत निघतात, पण तो घोळ वेगळा.)

खरा गुंता ‘भारतीय एलिट’ या गटाचा, म्हणजे आपल्या अव्वल धावपटूंच्या वेगळ्या गटाचा. शर्यत एकच, रस्ता एकच, पण निकालाचे तक्ते दोन आणि बक्षिसंही दोन. अलीकडच्या वर्षांत एकूण विजेत्याला ५० हजार डॉलर आणि पहिल्या भारतीयाला ५ लाख रुपये मिळत आले आहेत. गटाच्या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं साधं आहे: सैन्यात किंवा रेल्वेत नोकरी करून धावणाऱ्या आपल्या मुलांना वेगळं बक्षीस नसेल तर ती रिकाम्या हाताने घरी जातील, आणि मग पुढच्या वर्षी येतील कशाला? यात तथ्य आहेच. पण वेगळ्या गटामुळे धावण्याची चालही बदलते. पुढचा घोळका दिसेनासा झाला तरी भारतीय धावपटूला घाई नसते. त्याची नजर शेजारी पळणाऱ्या दुसऱ्या भारतीयावर असते. त्याला हरवलं की झालं, घड्याळ काय म्हणतं ते नंतर.

२०१६ पर्यंत हे फारसं बोचलं नाही. त्या वर्षी मुंबईत पहिल्या भारतीयाने २:१५:४८ ची वेळ दिली. रिओ ऑलिंपिकची पात्रता वेळ होती २:१९. भारताचे तीन पुरुष रिओत धावले आणि त्यातले दोघे एका सेकंदाच्या अंतराने २५ वे आणि २६ वे आले, २:१५:२५ आणि २:१५:२६. पुढे जग झपाट्याने पळत सुटलं. टोकियोसाठी पात्रता वेळ २:११:३० झाली, पॅरिससाठी २:०८:१०. दोन्हीकडे वेळेच्या निकषावर एकही भारतीय पुरुष बसला नाही. त्याच काळात मुंबईत भारतीयांचा ‘पहिला क्रमांक’ २०२० मध्ये २:१८:४४ ला आणि २०२४ मध्ये २:१७:२९ ला मिळत होता. जालंधरला १९७८ मध्ये झालेला २:१२:०० चा राष्ट्रीय विक्रम चाळीस वर्षांहून अधिक काळ टिकला, यात नवल वाटण्यासारखं काही उरत नाही.

महिलांचे आकडे जास्त टोचतात. २०१५ मध्ये मुंबईतच २:३७:२९ अशा वेळेने १९ वर्षं टिकलेला राष्ट्रीय विक्रम मोडला गेला आणि त्याच वर्षी बीजिंगच्या जागतिक स्पर्धेत त्याच धावपटूने तो २:३४:४३ वर आणला. कोविडमुळे पडलेल्या खंडानंतर २०२३ ला शर्यत परतली, तेव्हा महिलांतली एकूण विजेती २:२४:१५ मध्ये आली आणि पहिली भारतीय २:५०:३५ मध्ये. म्हणजे २६ मिनिटांचं अंतर. आठ वर्षांपूर्वीच्या भारतीय विजेतीपेक्षाही ही वेळ तेरा मिनिटांनी मागे, तरी तक्त्यात तिच्यापुढे ‘१’ हाच आकडा.

सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्याच्या एका धावपटूने २०१२ ते २०१४ अशी सलग तीन वर्षं हा भारतीय गट जिंकला. मग ती ट्रॅककडे वळली, तीन हजार मीटर स्टीपलचेस, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावायची शर्यत. तिथे भारतीयांसाठी वेगळा तक्ता नव्हता. २०१६ मध्ये रिओच्या अंतिम फेरीत ती दहावी आली.