सदाफुली : कॅन्सरमधला घरगुती वापर

सदाफुली कुणाला ओळखून दाखवावी लागत नाही. बारा महिने फुलणारं गुलाबी किंवा पांढऱ्या पाच पाकळ्यांचं झुडूप, पान खुडलं की देठाला पांढरा चीक येतो. मूळची मादागास्करची. नावाचा मात्र घोळ आहे, वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५९ मध्ये व्हिंका रोझिया म्हटलं, पुढे जॉर्ज डॉन या दुसऱ्या वनस्पतिशास्त्रज्ञाने तिला कॅथरँथस वंशात टाकलं, पण हिच्यापासून निघालेल्या कॅन्सरच्या औषधांच्या नावातलं 'व्हिन' जुन्या नावावरूनच राहिलंय, त्यामुळे जुने संदर्भ बघताना दोन्ही नावं शोधावीत.

कॅन्सरवर हिचा वापर परंपरेने चालत आलाय असं सर्रास सांगतात. ते तितकंसं पटत नाही. बऱ्याच देशांतला नोंदलेला लोकवापर मुख्यतः मधुमेहावरचा आहे. १९५२ च्या सुमारास जमैकातून अशीच मधुमेहावरची म्हणून पानं कॅनडात संशोधक रॉबर्ट नोबल यांच्याकडे पोचली, उंदरांना पोटातून अर्क देऊन साखर काही हलली नाही, पण तोच टोचून दिल्यावर रक्तातल्या पांढऱ्या पेशी झपकन उतरल्या आणि तिथून शोधाची दिशाच बदलली. नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी १९५८ मध्ये यातलं व्हिन्ब्लास्टिन हे कॅन्सरवरचं द्रव्य जाहीर केलं. त्याच सुमारास अमेरिकेत एली लिली कंपनीतला गॉर्डन स्वोबोडा यांचा गट रक्ताचा कॅन्सर झालेल्या उंदरांवर हाच अर्क तपासत होता, व्हिन्क्रिस्टिन हे दुसरं द्रव्य त्यांच्याकडून आलं. श्रेय कुणाचं यावर वाद घालतात, दोघांनी स्वतंत्रपणे गाठलं असं मानणंच जास्त बरोबर वाटतं.

ही द्रव्यं पेशी दुभंगताना लागणारे धागे बनू देत नाहीत, म्हणून विभाजन मध्येच अडतं. पानात ती इतकी कमी असतात की एक ग्रॅम व्हिन्ब्लास्टिनला साधारण ५०० किलो वाळलेली पानं लागतात असं सांगितलं जातं. उलट व्हिन्क्रिस्टिनचा एक डोस बहुतेकदा २ मिलिग्रॅमच्या वर जाऊ देत नाहीत, कारण मज्जातंतूंना इजा होते, बोटं बधिर होतात, पोट साफ होत नाही. ते फक्त शिरेतून देतात, चुकून मणक्यात गेलं तर जीव जातो आणि तसा इशारा लेबलवर छापलेला असतो.

म्हणजे सकाळी उपाशीपोटी चार पानं चावून किंवा फुलांचा काढा पिऊन ते औषध मिळत नाही, पण झाडात कितीतरी इतर अल्कलॉइड (वनस्पतीतली शरीरावर परिणाम करणारी द्रव्यं) आहेत, ती अंगात जातातच. केमो चालू असेल तर धोका वेगळाच. व्हिन्क्रिस्टिनचा निचरा लिव्हरमधल्या ज्या एन्झाइमवर अवलंबून असतो ते काही वनस्पतींनी मंदावतं, काहींनी वाढतं. सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती घेणाऱ्यांमध्ये इरिनोटेकान या कॅन्सरच्या दुसऱ्या औषधाचा रक्तातला कामाचा भाग बराच घटलेला दिसलाय. डॉक्टर विचारतात, अजून कुठलं औषध घेता का, आणि पेशंट मनापासून नाही म्हणतो, कारण झाडाचं पान त्याच्या लेखी औषध नसतंच, म्हणून प्रश्नच पाला, काढा, रस, चूर्ण असं नाव घेऊन विचारावा लागतो.