रीमिक्स की रीमास्टर? एका चढ्या सुराची गोष्ट

‘रीमिक्स’ या शब्दाने आपल्याकडे फार मार खाल्लाय. २००० सालच्या आसपास जुन्या हिंदी गाण्यांना ढिनचॅक ठेके जोडून जे काही विकलं गेलं, त्यानंतर हा शब्द ऐकला की चांगल्या ऐकणाऱ्याच्या कपाळावर आठी पडते. आमच्या रविवारच्या बैठकीत एकाने जॅझची एक सीडी उलटीसुलटी केली, आतल्या पुस्तिकेत ‘रीमिक्स’ असं वाचलं आणि ती हळूच खाली ठेवली. म्हणाला, “यापेक्षा ती रीमास्टरवाली लाव, ती तरी मूळ असेल.”

दोन्ही समजुती चुकीच्या. जॅझच्या बाबतीत रीमिक्स म्हणजे ठेका घालणं नव्हे आणि रीमास्टर म्हणजे मूळ नव्हे.

स्टुडिओत वाजलेलं संगीत टेपवर वेगवेगळ्या ट्रॅकवर उतरतं. मग त्या ट्रॅकचं प्रमाण ठरवायचं: कोणाला डावीकडे बसवायचं, कोणाला मधे, घुमारा किती ठेवायचा. या मिश्रणातून डाव्या-उजव्या अशा दोन वाहिन्यांची टेप तयार होते. तिच्यावर शेवटचा हात फिरतो तो मास्टरिंगचा. खर्ज थोडा उचल, टोकदार आवाज थोडा दाब, एकूण पातळी ठरव आणि तबकडी किंवा सीडी काढायला पाठव. झालेल्या आमटीत मीठ-गूळ सारखं करणं म्हणजे रीमास्टर. फोडणीपासून पुन्हा आमटी करणं म्हणजे रीमिक्स. सामान तेच, त्याच दिवशीच्या बाजारातलं.

याचं सर्वांत मजेदार उदाहरण म्हणजे ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचा ‘काइंड ऑफ ब्लू’. जॅझचा एकच अल्बम घरात असेल, तर बहुधा हाच असतो. न्यूयॉर्कच्या ३०व्या रस्त्यावर कोलंबिया कंपनीचा स्टुडिओ होता, मूळचं चर्च. तिथे २ मार्च आणि २२ एप्रिल १९५९ अशा दोन बैठकींत तो ध्वनिमुद्रित झाला, तीन ट्रॅकच्या टेपवर. पहिल्या बैठकीत ‘सो व्हॉट’, ‘फ्रेडी फ्रीलोडर’ आणि ‘ब्लू इन ग्रीन’ ही तीन वाजवली गेली. म्हणजे तबकडीची अख्खी पहिली बाजू. त्या दिवशी मुख्य टेप मशीन जरासं हळू फिरत होतं. हळू फिरणाऱ्या यंत्रावर भरलेली टेप बरोबर वेगाच्या यंत्रावर लावली की संगीत जलद होतं आणि सूर चढतो. ‘सो व्हॉट’चा षड्ज, आपल्या पेटीच्या पट्ट्यांच्या भाषेत सांगायचं तर, पांढरी दोनचा. तबकडीवर तो पांढरी दोनच्या किंचित वर, काळी दोनच्या अलीकडे कुठेतरी लोंबकळत राहिला. घरी तबकडीबरोबर वाजवून शिकणाऱ्या पोरांना आपलंच वाद्य बेसूर वाटायचं.

कॅसेटवरून कॅसेट उतरवत आलेल्या जुन्या मैफली ज्यांनी ऐकल्या आहेत त्यांना हे नवीन नाही. काळी एकमध्ये गाणारे बुवा तिसऱ्या प्रतीपर्यंत पांढरी दोनला पोचलेले असायचे आणि आपण त्यांच्या तारसप्तकाचं कौतुक करायचो!

सुदैवाने कोलंबियाच्या स्टुडिओत दुसरं मशीनही राखीव म्हणून चालू होतं आणि ते बरोबर वेगाने फिरत होतं. १९९२ साली त्या राखीव टेपवरून नवं मिश्रण करून सूर जागेवर आणला गेला. तेहेतीस वर्षं गेली मधे. आता गंमत बघा. नुसता वेग दुरुस्त करायचा तर जुन्या दोन वाहिन्यांच्या टेपचा वेग बदलूनही ते झालं असतं, आणि त्याला रीमास्टर म्हटलं असतं. पण इथे ट्रॅकची टेपच दुसरी घेतली, म्हणून नवं मिश्रण करावं लागलं. १९९७च्या आवृत्तीसाठीही तीन ट्रॅकवरूनच पुन्हा मिश्रण झालं. जिला आपण सर्रास ‘रीमास्टर सीडी’ म्हणतो, ती खरं तर रीमिक्स आहे, आणि जुन्या तबकडीपेक्षा त्या दिवशी वाजलेल्या सुराच्या जास्त जवळ आहे. मला तीच आवडते. आमच्यातल्या एकाला मात्र ती थकल्यासारखी वाटते. त्याचे कान चढ्या प्रतीवर तयार झालेत, त्याला इलाज नाही.

तीन ट्रॅकमध्ये रीमिक्स करणाऱ्याला मोकळीक तरी किती? एका ट्रॅकवर दोन वाद्यं एकत्र उतरली असतील तर ती साध्या मिश्रणात सुटी होत नाहीत. (संगणकाने हल्ली तेही जमू लागलंय, पण तो वेगळा विषय.) याउलट माइल्सच्याच १९६९च्या ‘बिचेस ब्रू’ला आठ ट्रॅक होते. तिथे पंचाईत निराळी. निर्माते टीओ मासेरो यांनी टेप कापून, जोडून, तुकडे पुन्हा पुन्हा वापरून त्यातलं संगीत रचलंय. एकट्या ‘फेअरोज डान्स’मध्ये डझनाहून जास्त जोड आहेत. १९९८च्या संचासाठी रीमिक्स करताना ते सगळे जोड नव्याने बसवावे लागले. वाद्यं स्वच्छ ऐकू येतात, मान्य. पण जिथे मिश्रण हाच रचनेचा भाग आहे, तिथे ते उसवून शिवणं मला पटत नाही.

आणि मग ब्लू नोट ही जॅझची रेकॉर्ड कंपनी. इथे बहुतेकांची फसगत होते. रूडी व्हॅन गेल्डर हे पेशाने चष्म्याचा नंबर काढणारे. हॅकेन्सॅकला आईवडिलांच्या दिवाणखान्यात आणि १९५९पासून एंगलवूड क्लिफ्सच्या स्वतःच्या स्टुडिओत त्यांनी ब्लू नोटचे कितीतरी अल्बम ध्वनिमुद्रित केले. स्टिरिओ आल्यावर ते थेट दोनच ट्रॅकवर भरत. वादक वाजवत असतानाच मिश्रण होत होतं, हात खटक्यांवर ठेवून. त्यामुळे या अल्बमांचं नेहमीच्या अर्थाने रीमिक्स होऊच शकत नाही. एका माइकवर भरलेल्या मैफलीत तबला जास्त लागला असेल, तर तो जन्मभर जास्तच. व्हॅन गेल्डरचा पियानो खोक्यात ठेवल्यासारखा येतो ही जुनी तक्रार आहे, आणि कोणताही रीमास्टर त्याला खोक्याबाहेर काढू शकलेला नाही.

पण रीमास्टर म्हणजे किरकोळ फरक, असं समजू नका. १९९०च्या दशकाच्या शेवटी व्हॅन गेल्डर यांनी आपलीच जुनी कामं पुन्हा मास्टर केली. त्या सीड्या जोरकस, पुढे येऊन बोलणाऱ्या. २०१९पासून ब्लू नोटच्याच ‘टोन पोएट’ मालिकेत केव्हिन ग्रे यांनी मूळ टेपवरून काढलेल्या तबकड्या निवांत, खोलीची हवा राखणाऱ्या. वादकांच्या जागा तसूभर हललेल्या नाहीत, तरी दोन वेगळ्या दुपारी ऐकल्यासारखं वाटतं.

घरी ओळखायचं कसं? आधी दोन्ही आवृत्त्यांचा आवाज सारखा करा. ही पायरी लोक हमखास गाळतात. नवी प्रत बहुधा मोठ्याने वाजते, आणि थोडं मोठं वाजलं की कानाला ते ‘जास्त चांगलं’ वाटतं. आवाज जुळला की एकच अर्ध्या मिनिटाचा तुकडा घ्या आणि जागा ऐका. ‘सो व्हॉट’मध्ये कोल्ट्रेनचा सॅक्सोफोन डावीकडे, कॅननबॉल ॲडर्लीचा उजवीकडे, ट्रम्पेट मधे. माइल्सचा सूर सुटल्यावर मागे घुमारा किती वेळ रेंगाळतो तेही ऐका. एखादं वाद्य शेजाऱ्याच्या तुलनेत पुढेमागे झालं, घुमारा बदलला, तर मिश्रण नवं. सगळंच एकत्र उजळ किंवा जाड झालं, झांजेची शेपटी लांबली किंवा टेपची सरसर साफ करताना कापली गेली, तर मास्टरिंग नवं.

तीच पद्धत वापरून आम्ही त्या रविवारी निकाल लावला होता: नव्या सीडीत कोल्ट्रेन उजवीकडे गेलाय, म्हणजे कोणीतरी डावं-उजवं उलटं करून भलताच रीमिक्स काढलाय. अर्धा तास चर्चा, एका प्रतीवर बंदी घालण्यापर्यंत मजल. मग चहा घेऊन आलेल्या बायकोने विचारलं, “दिवाळीच्या सफाईत स्पीकर पुसायला काढले होते, वायरी बरोबर लागल्यात ना?”