राइट अँगल ड्रिल घेताय? आधी डोक्याची उंची मोजा

किचनमधल्या बाटल्यांच्या ट्रॉलीचं कॅबिनेट बघा, बाहेरून २०० मिमी रुंद असलं तरी दोन्ही बाजूंचं १८ मिमी प्लाय वजा केलं की आत उरतात फक्त १६४ मिमी. आतून बाजूच्या प्लायला भोक पाडायचं म्हटलं तर नेहमीचं ड्रिल मशीन बसतच नाही, कारण त्यात मोटर, गिअर, चक (बिट पकडणारा भाग) आणि बिट (भोक पाडणारी सळई) सगळं एकाच रेषेत एकामागे एक असतं. राइट अँगल ड्रिलमध्ये मोटर हँडलमध्ये असते, आणि डोक्यात, म्हणजे बिट बसतो त्या टोकात, शंकूच्या आकाराचे दोन बेव्हल गिअर एकमेकांना काटकोनात भिडून फिरणं ९० अंशात वळवतात.

दुकानात सगळे आधी व्होल्ट विचारतात. मी म्हणेन आधी डोक्याची उंची विचारा, आणि त्यात बिटची लांबी स्वतः मिळवा. समजा डोकं चकासकट १०० मिमी आहे. ६ मिमीचा साधा बिट ९३ मिमी लांब असतो, त्यातला साधारण २५ चकात गेला तरी ६८ बाहेर राहतो, म्हणजे झाले १६८ आणि आपल्याकडे जागा १६४ची! तोच बिट आखूड म्हणजे स्टब प्रकारातला घेतला तर तो ६६ मिमीचाच असतो, बेरीज १४१ वर येते आणि मशीन आरामात आत जातं. १८ मिमी प्लायला तेवढा बिट पुरतो.

मग सगळ्यात छोटं डोकंच घ्यावं का? इथे खरी गंमत आहे. डोकं छोटं म्हणजे आतले गिअर छोटे, आणि टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, तेवढाच ठेवून गिअरची त्रिज्या निम्मी केली तर दातांवरचं बल दुप्पट होतं. म्हणून अगदी चपट्या डोक्याच्या मशीनकडून जाड लाकडात मोठी भोकं पाडायची अपेक्षा ठेवू नका, त्याला मोठ्या डोक्याचं दणकट मशीनच लागतं.

व्होल्टचं म्हणाल तर '१२ मॅक्स' बॅटरीत ३.६ व्होल्टचे ३ सेल असतात, म्हणजे खरे १०.८ व्होल्ट, फुल चार्जला १२.६. आणि १८ व्होल्ट आणि '२० मॅक्स' दोन्हीत सेल ५च, त्यामुळे नुसत्या २०च्या आकड्यासाठी जास्त पैसे देऊ नका.

बिट अडकला की मात्र जपायचं. बिट घड्याळाच्या दिशेने फिरत असतो, तो थांबला की मशीन उलट्या दिशेने फिरायला बघतं, न्यूटनचा तिसरा नियम. टॉर्क १० न्यूटन-मीटर आणि हात बिटपासून २० सेमीवर असेल तर हाताला ५० न्यूटन, म्हणजे साधारण ५ किलोच्या वजनाएवढा झटका बसतो. मोकळ्या जागेत तो सहज पेलतो, पण अरुंद कॅबिनेटमध्ये हँडल आणि प्लायच्या मध्ये बोटं असली तर चेंगरतात, म्हणून क्लच (जोर ठरावीक मर्यादेपुढे गेला की बिटचं फिरणं सोडवणारा भाग) असलेलं मॉडेल मिळालं तर तेच घ्या. दाब पण हँडलवरून देऊ नका, बिट तिरका होतो, डोक्याच्या मागे तळवा ठेवून सरळ दाबा.

चारदोन स्क्रूचंच काम असेल तर साध्या ड्रिलला लावायचा काटकोनी अडॅप्टर स्वस्तात भागवतो, फक्त तो दुसऱ्या हाताने घट्ट धरावा लागतो आणि मागच्या मशीनला बाजूला जागा लागतेच. आणि या छोट्या मशीनमध्ये सहसा हॅमर, म्हणजे फिरता फिरता ठोके देण्याची सोय, नसतो, त्यामुळे लाकूड, प्लाय, पत्रा ठीक, काँक्रीटच्या भिंतीला वेगळं मशीन लागेल.