एक्स-रे काढणारा तो रेडिओलॉजिस्ट नव्हे

“बारावीनंतर दोन-तीन वर्षांचा कोर्स केला की रेडिओलॉजिस्ट होता येतं,” हे लग्नाच्या पंगतीपासून व्हॉट्सॲपपर्यंत सगळीकडे ऐकू येतं. गोंधळ कशामुळे होतो ते उघड आहे. छातीचा एक्स-रे काढताना “खांदे पुढे, श्वास भरा, धरून ठेवा” असं सांगणारा माणूस आपल्याला दिसतो. तो टेक्निशियन. बारावीनंतरचा डिप्लोमा किंवा बीएस्सी त्याची असते, आणि ते कामही कौशल्याचंच. फोटो हलला तर पुढचं सगळं वाया.

त्या फोटोवरून निदान लिहून खाली सही करतो तो रेडिओलॉजिस्ट, आणि तो आधी पूर्ण डॉक्टर असतो. नीट देऊन एमबीबीएस: साडेचार वर्षं अभ्यास, एक वर्ष इंटर्नशिप. मग पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा, नीट-पीजी. या शाखेसाठी इतकी चुरस असते की अनेकजण ती परीक्षा पुन्हा देतात. त्यानंतर एमडी किंवा डीएनबी या पदव्युत्तर पदवीची तीन वर्षं. म्हणजे एकही वर्ष वाया न जाता बारावीनंतर साडेआठ वर्षं!

“नुसते फोटो तर बघायचे!” असंही म्हणतात. पण हृदयाच्या सावलीमागे लपलेली छोटी गाठ दिसायला तिथली निरोगी रचना डोळ्यांत मुरलेली असावी लागते. शिवाय एमडीला किरणांचं भौतिकशास्त्रही असतं. बारावीनंतर फिजिक्स सुटलं म्हणून हुश्श केलेल्यांना ते पुन्हा गाठतं.