पोत्यावरचा मार्का, आतली चिप: लिनक्सवरच्या वाय-फाय डोंगलची पार्श्वभूमी

विंडोज १० चा नेहमीचा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला, आणि तेव्हापासून सांगलीत मला येणारे फोन एकाच साच्याचे झालेत. पेढीवरचा किंवा पोरांच्या खोलीतला डेस्कटॉप धडधाकट आहे, पण विंडोज ११ त्याच्यावर चढत नाही. मग कुणीतरी भाचा-पुतण्या विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही दुसरी कार्यप्रणाली घालून देतो. मशीन पळायला लागतं. आणि मग ध्यानात येतं, की राउटर पुढच्या सोप्यात आहे, कॉम्प्युटर मागच्या खोलीत, आणि जुन्या डेस्कटॉपला बहुधा वाय-फाय नसतंच. चार-पाचशे रुपयांचं, यूएसबीत खोचून वाय-फाय पकडणारं डोंगल आणलं जातं. लावल्यावर दिवा लागतो, पुढे काहीच होत नाही. "दादा, खोक्यावर लिनक्स लिहिलंय की!"

लिहिलेलं असतं, आणि ते खोटंही नसतं. फक्त कोणत्या कर्नलसाठी, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या कोणत्या आवृत्तीसाठी, ते बारीक अक्षरात असतं किंवा नसतंच. सांगलीत हळदीचा सौदा पाहिलेल्या माणसाला हे समजवायला वेळ लागत नाही. पोत्यावरचा मार्का बघून कुणी बोली लावत नाही, हळकुंड मोडून आतला रंग बघतात. डोंगलची चिप बनवणारा एक, ती प्लास्टिकात बसवणारा दुसरा, मार्का लावणारा तिसरा. लिनक्सला पहिल्याशीच कर्तव्य. आणि त्या पहिल्याने आपले कागद कधी उघडे केले, केले की नाही, यात या सगळ्या त्रासाचं मूळ आहे.

वाय-फायचं तांत्रिक मानक, ८०२.११, १९९७ मध्ये आलं तेव्हा वेग होता सेकंदाला १ ते २ मेगाबिट. १९९९ च्या 'बी' आवृत्तीने तो ११ वर नेला. त्या काळात वायरलेस म्हणजे लॅपटॉपच्या कुशीत सरकवायचं पत्त्याएवढं कार्ड. लिनक्समध्ये या कार्डांशी बोलण्याची पहिली समान पद्धत ह्युलेट-पॅकार्डमधल्या जाँ तुरिये यांनी रचली, ती वायरलेस एक्स्टेन्शन्स. जुन्या लोकांच्या बोटांवर अजून बसलेली 'आयडब्ल्यूकॉन्फिग' ही कमांड तिच्यातलीच.

यूएसबीचं पोर्ट तेव्हा होतं, पण १२ मेगाबिटचं. ११ मेगाबिटचं वाय-फाय त्यातून नेणं म्हणजे सांगलीच्या अरुंद आयर्विन पुलावरून उसाच्या ट्रॉल्या ओळीने काढण्यासारखं. एप्रिल २००० मध्ये यूएसबी २.० आलं, ४८० मेगाबिटचं, आणि मग खिशात मावणाऱ्या डोंगलला अर्थ आला. आपल्याकडे अजून एक गाठ सुटायची होती. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त करणारे नियम भारतात जानेवारी २००५ मध्ये निघाले.

आता खरी गोम. सुरुवातीच्या कार्डांत बहुतेक काम कार्डच करायचं: जोडणी धरणं, पाकिटं पुन्हा पाठवणं, सांकेतिक कुलूप लावणं. किंमत पाडायची म्हणून उत्पादकांनी यातलं बरंचसं काम चिपमधून काढून कॉम्प्युटरवर टाकलं. चिप स्वस्त झाली, ड्रायव्हर, म्हणजे चिपशी बोलणारा कॉम्प्युटरवरचा प्रोग्राम, जड झाला. विंडोजसाठी तो उत्पादक स्वतः लिहीत. लिनक्सवाल्यांनी चिपची माहिती मागितली तर नकार, किंवा नुसतं मौन. कारणं दोन सांगितली जात. एक, स्पर्धकाला गुपित कळेल. दुसरं, रेडिओची शक्ती आणि वारंवारता सॉफ्टवेअरच्या हातात असल्याने कुणी ती वाढवली तर सरकारी नियामक आम्हाला धरेल. दुसऱ्यात थोडं तथ्य होतं. पहिल्यात, माझ्या मते, फारसं नव्हतं.

या नकारातून मजेशीर उपाय निघाले. एनडीआयएसरॅपर हा त्यातला सगळ्यांत अजब: विंडोज एक्सपीचा ड्रायव्हर उचलायचा आणि त्याला आपण विंडोजमध्येच आहोत असं भासवत लिनक्सच्या आत चालवायचा. गिरिधर पेम्मसानी यांनी तो प्रकल्प बराच काळ सांभाळला. डोंगलसोबतची सीडी जपून ठेवा, असं आम्ही लोकांना सांगायचो ते यासाठीच. दुसरीकडे ब्रॉडकॉमच्या चिपांसाठी काही जणांनी बंद ड्रायव्हर उलगडून वाचला. एका गटाने फक्त वर्णन लिहिलं आणि दुसऱ्याने मूळ कोड न बघता त्या वर्णनावरून नवा ड्रायव्हर लिहिला, म्हणजे चोरीचा आळ नको. २००६ मध्ये तो कर्नलमध्ये आला.

सगळ्याच कंपन्या मुठी आवळून नव्हत्या. रालिंक या चिप बनवणाऱ्या कंपनीने आपल्या ड्रायव्हरचा कोड खुल्या परवान्याखाली दिला, त्यातून आरटी२x०० या ड्रायव्हरांची शाखा वाढली. झायडॅसनेही दिला. पण प्रत्येक ड्रायव्हर वाय-फायचं सगळं शास्त्र स्वतःच्या पोटात घेऊन फिरत होता. दहा ड्रायव्हर तर दहा प्रकारच्या चुका. जुलै २००७ च्या २.६.२२ कर्नलमध्ये डिव्हाइसस्केप कंपनीने दिलेल्या कोडवर उभा राहिलेला मॅक८०२११ आला आणि चिपमधून कॉम्प्युटरवर ढकललेलं काम एकाच जागी, सगळ्यांसाठी, होऊ लागलं. माझ्या लेखी या इतिहासातली हीच सगळ्यांत मोठी घटना. त्यानंतर ड्रायव्हर लिहिणाऱ्याला फक्त आपल्या चिपपुरतं बोलायचं राहिलं.

अथेरॉस या दुसऱ्या चिप कंपनीने पुढच्याच वर्षी एटीएच९के हा खुला ड्रायव्हर दिला. त्यांच्या यूएसबीवरच्या एआर९२७१ चिपचं तर फर्मवेअरही २०१३ मध्ये खुलं झालं. फर्मवेअर म्हणजे चिपच्या आत चालणारा छोटा प्रोग्राम. डोंगल लावलं की कर्नल तो चिपमध्ये भरतो, आणि ती फाइल डिस्कवर नसेल तर ड्रायव्हर असूनही डोंगल मुकं. इतरांच्या बाबतीत ती फाइल बहुधा बंदच असते. डेबियन या लिनक्सच्या जुन्या प्रकाराने तत्त्व म्हणून अशा फाइली इन्स्टॉलरबाहेर ठेवल्या होत्या. २०२२ च्या मतदानानंतर जून २०२३ च्या डेबियन १२ पासून त्या आत आल्या. तत्त्व मला पटत होतं, पण नेट नसलेल्या मशीनवर नेट चालू करायला नेटवरून फाइल उतरवा, हे पेढीवरच्या माणसाला कुठल्या तोंडाने सांगायचं?

एआर९२७१ वरून मार्क्याचा किस्सा. टीपी-लिंकचं टीएल-डब्ल्यूएन७२२एन हे डोंगल लिनक्सवाल्यांत प्रसिद्ध झालं ते या चिपमुळे. पुढे त्याच नावाने, तशाच रूपात दुसरी आवृत्ती आली आणि आत रिअलटेकची चिप होती. जुनी शिफारस वाचून नवं डोंगल घेणारे जगभर फसले. आवृत्तीचा आकडा मागच्या बारीक स्टिकरवर असतो. सांगलीत मी दुकानदाराला तो आधी वाचून दाखवायला सांगतो; तो हसतो, पण वाचतो.

रिअलटेकच्या चिपा स्वस्त, म्हणून बाजारात भरपूर. कंपनी ड्रायव्हरचा कोड उत्पादकांना द्यायची, पण तो कर्नलमध्ये घालण्याच्या दर्जाचा नसे. मग कुणीतरी तो नेटवर ठेवायचा, आपण उतरवून आपल्या मशीनवर बांधायचा (कंपाइल करायचा), आणि कर्नल अपडेट झाला की वाय-फाय गायब. दर नव्या कर्नलला ड्रायव्हर आपोआप पुन्हा बांधणारी डीकेएमएस ही सोय डेलमधून आली, तिने हा जाच कमी केला. तरी सिक्युअर बूट, म्हणजे मशीन सुरू होताना सह्या तपासणारी सोय, चालू असेल तर सही नसलेला ड्रायव्हर कर्नल आत घेत नाही. या ड्रायव्हरांची वर्षानुवर्षं निगा राखणाऱ्यांत लॅरी फिंगर हे नाव घ्यायलाच हवं. जून २०२४ मध्ये ते गेले. त्यांनी सांभाळलेल्या कोडवर सांगली-मिरजेतली कितीतरी मशीनं चालत असतील, आणि वापरणाऱ्याला त्यांचं नावही ठाऊक नसेल.

फेब्रुवारी २०२३ च्या ६.२ कर्नलपासून रिअलटेकच्या काही नव्या यूएसबी चिपांना आरटीडब्ल्यू८८ या कर्नलमधल्याच ड्रायव्हरचा आधार मिळाला. मीडियाटेकने २०११ मध्ये रालिंक विकत घेतली होती. त्यांच्या एमटी७९२१ चिपचा यूएसबी ड्रायव्हर मे २०२२ च्या ५.१८ मध्ये आला. म्हणून हल्ली कुणी विचारलं की मी आधी कर्नलचा आकडा विचारतो, डोंगलचा मार्का नंतर.

एक लबाडी राहिली. काही डोंगलं लावल्यावर आधी सीडी असल्याचं सोंग घेतात. त्या सीडीत विंडोजचा ड्रायव्हर असतो. तो बसला की डोंगल सोंग टाकून खरं रूप दाखवतं. लिनक्सला ती सीडीच दिसते. हे सोंग उतरवायला यूएसबी-मोडस्विच नावाचा प्रोग्राम आहे, आणि कधी कधी नुसतं इजेक्ट केलं तरी भागतं.

परवा गणपती पेठेतल्या एका पेढीवर हे सगळं एकाच डोंगलमध्ये भेटलं. डेस्कटॉपवर सीडीचं चित्र आलेलं. इजेक्ट केलं, यूएसबीला काय जोडलंय ते दाखवणाऱ्या एलएसयूएसबी कमांडने चिप बघितली. चिप रिअलटेकची, २०२३ च्या ६.२ कर्नलपासून आधार मिळालेल्यांतली, आणि पुतण्याने जुन्या पेन ड्राइव्हवरून घातलेलं लिनक्स ५.१५ कर्नलचं. शेठजींचा मोबाइल केबलने जोडला, यूएसबी टेदरिंग चालू केलं. त्याचा ड्रायव्हर कर्नलमध्ये केव्हाचाच आहे. मोबाइलच्या नेटवर ६.८ कर्नल उतरवला आणि मशीन बंद करून चालू केलं. वाय-फायच्या यादीत शेजारच्या तीन पेढ्यांची नावं आली, चौथं यांचं. पासवर्ड शेठजींना आठवेना. तो राउटरच्या खाली हळदीच्या बोटांचे ठसे उमटलेल्या चिठ्ठीवर सापडला.