वीस वर्षं बाहेर सांभाळलेला पॅच

लिनक्स कर्नल म्हणजे यंत्र आणि बाकीचे प्रोग्राम यांच्यामधला, लिनक्सचा गाभा असलेला प्रोग्राम. त्यात आज कोडच्या सुमारे चार कोटी ओळी आहेत. त्यातली एक ओळ बदलायची असेल तर अख्खी फाइल कुणी पाठवत नाही, पॅच पाठवतात. पॅच म्हणजे साध्या मजकुराची चिठ्ठी. जी ओळ काढायची तिच्यापुढे वजाचं चिन्ह, जी घालायची तिच्यापुढे अधिकचं, आणि वर-खाली न बदललेल्या तीन-तीन ओळी. या शेजारच्या ओळींतच सगळी गोम आहे. लॅरी वॉल यांनी १९८५ मध्ये लिहिलेला ‘पॅच’ हा प्रोग्राम ओळीच्या क्रमांकावर आंधळा विश्वास ठेवत नाही, शेजार जुळतो का ते पाहतो. त्यामुळे फाइलच्या सुरुवातीला कुणी पन्नास ओळी वाढवल्या तरी पॅचला आपली जागा सापडते. शेजारच बदलला, की मात्र पॅच बसत नाही.

न बसलेला पॅच निदान कळतो तरी. खरा घात करतो तो बसलेला पॅच. शेजारच्या ओळी अक्षरशः त्याच असतात, पण ज्या लॉकच्या (एकाच माहितीला दोन कामांनी एकदम हात लावू नये म्हणून घातलेल्या कुलपाच्या) भरवशावर तुमचा कोड लिहिलेला होता तो लॉक कुणीतरी दुसऱ्या फाइलमध्ये हलवलेला असतो. कंपायलर (कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम) गप्प, चाचण्याही गप्प. महिन्याभरानं एखादा सर्व्हर अधूनमधून अडकायला लागतो.

कर्नलची नवी आवृत्ती दर नऊ-दहा आठवड्यांनी येते. पहिले दोन आठवडे नवे बदल आत घेतले जातात, उरलेले फक्त दुरुस्त्यांसाठी. एका आवृत्तीत दहा हजारांहून जास्त बदल होतात. कर्नलचे जनक लिनस तोरवाल्ड्स यांचा एक नियम कडक आहे: काल चालणारा वापरकर्त्याचा प्रोग्राम नव्या कर्नलवरही चालला पाहिजे. कर्नलच्या पोटात मात्र असं कुठलंही वचन नाही. आतल्या फंक्शनचं नाव, त्याला द्यायची माहिती, काहीही कधीही बदलतं. बदलणाऱ्यावर एकच बंधन असतं: ते फंक्शन वापरणारा मूळ कोडमधला सगळा कोड त्यानंच दुरुस्त करायचा. म्हणजे तुमचा पॅच आत, मूळ कोडमध्ये, असेल तर त्याची निगा परकी माणसं फुकटात राखतात. बाहेर असेल तर दर आवृत्तीला सगळं तुमच्याच गळ्यात. आपला बदल गुपचूप स्वतःजवळ ठेवणाऱ्या कंपन्यांना हा हिशेब बहुधा उशिरा कळतो.

या हिशेबाचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे ‘प्रीएम्प्ट आरटी’, कर्नलला रिअल-टाइम, म्हणजे ठरल्या वेळेत हमखास काम करणारा, बनवणारा पॅच. साध्या कर्नलमध्ये एखाद्या कामानं स्पिनलॉक (वाट पाहणाऱ्याला जागीच घुटमळत ठेवणारा लॉक) धरला, की तो सुटेपर्यंत त्या प्रोसेसरवर दुसरं काम, कितीही तातडीचं असलं तरी, त्याला बाजूला सारू शकत नाही. एरवी हा खोळंबा जाणवतही नाही. पण कारखान्यातल्या रोबॉटला किंवा वेल्डिंगच्या लेझरला ‘एरवी’ पुरत नाही, त्यांना ‘प्रत्येक वेळी’ लागतं. म्हणून इंगो मोलनार, थॉमस ग्लाइक्सनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ च्या सुमारास वेगळी वाट धरली. बहुतेक स्पिनलॉकच्या जागी त्यांनी असे लॉक आणले, की ते धरून बसलेल्या कामालाही मध्येच थांबवता येईल. तातडीचं काम अशा लॉकसाठी ताटकळत असेल, तर लॉक धरणाऱ्याला तेवढ्यापुरती त्याची तातडी उसनी मिळते आणि तो लवकर मोकळा होतो. इंटरप्टची, म्हणजे उपकरणांनी प्रोसेसरला मारलेल्या हाकांची, बहुतेक कामंही वेगळ्या थ्रेडमध्ये, म्हणजे मध्येच थांबवता येणाऱ्या स्वतंत्र कामांत, गेली.

लॉक कर्नलच्या कानाकोपऱ्यात असतात. त्यामुळे हा पॅच एका जागी बांधून ठेवणं शक्यच नव्हतं आणि सगळा एकदम आत घ्यायला कुणी धजावलं नसतं. मग त्याचे तुकडे झाले. २००६ मध्ये म्यूटेक्स (वाट पाहणाऱ्याला झोपू देणारे लॉक) आत गेले, पुढे सूक्ष्म टायमर, २००९ मध्ये थ्रेडमध्ये चालणारे इंटरप्ट. प्रत्येक तुकडा रिअल-टाइमशी देणंघेणं नसलेल्यांनाही उपयोगी पडेल असा घडवावा लागला. मला यातली खरी हुशारी तांत्रिक कमी आणि व्यवहाराची जास्त वाटते. शेवटची अडचण निघाली ती कर्नलचे संदेश छापणाऱ्या ‘प्रिंट-के’ची! संथ सीरियल कन्सोलवर ओळ छापून होईपर्यंत बाकी सगळं खोळंबायचं. ते सुधारण्यात कित्येक वर्षं गेली. सप्टेंबर २०२४ मध्ये उरलेला भाग आत गेला आणि ६.१२ या आवृत्तीतून बाहेर पडला. तोवर तो इतका रोडावला होता, की मुख्यतः तीन प्रकारच्या प्रोसेसरवर हा पर्याय निवडण्याची मुभा तेवढी द्यायची राहिली होती.

तुकडे करण्याला आणखी एक कारण आहे. मालिकेतला प्रत्येक पॅच लावल्यावर कर्नल कंपाइल झालाच पाहिजे असा दंडक आहे. समजा नव्या आवृत्तीत काहीतरी बिघडलं आणि मधे सोळा हजार बदल झालेत. कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या ‘गिट’ या प्रोग्रामचं ‘बायसेक्ट’ मधला बदल काढून देतं, तुम्ही चाचणी घेऊन बरा की वाईट सांगता आणि अर्धे बदल बाद होतात. चौदाएक फेऱ्यांत गुन्हेगार सापडतो, पण वाटेतला प्रत्येक टप्पा चालता असेल तरच.

आत गेलेल्या दुरुस्तीचा प्रवास तिथं संपत नाही. जुन्या आवृत्त्या वापरणाऱ्यांसाठी २००५ पासून ‘स्टेबल’ शाखा चालवल्या जातात. दुरुस्ती आधी मुख्य कोडमध्ये गेलेली हवी आणि आजूबाजूच्या ओळी धरून शंभर ओळींच्या आत हवी. ती जुन्या कोडला बसेल अशी करून देणं म्हणजे बॅकपोर्ट. कटकटीचं आणि नाव न होणारं काम. पॅचखाली ‘फिक्सेस’ अशी एक ओळ असते. चूक कोणत्या बदलानं आली ते तिच्यातून कळतं, म्हणजे कुठवर मागं जायचं तेही कळतं.

२०१६ च्या ऑक्टोबरमध्ये उघडकीला आलेल्या ‘डर्टी काऊ’ची गोष्ट या बाबतीत बोलकी आहे. फक्त वाचायची परवानगी असलेल्या फाइलमध्ये साध्या वापरकर्त्याला लिहिता येईल असं हे भगदाड. तोरवाल्ड्स यांनी दुरुस्तीसोबतच लिहून ठेवलं, की हीच चूक आपण अकरा वर्षांपूर्वी सुधारायला गेलो होतो, पण आयबीएमच्या एस-३९० मेनफ्रेमवर अडचणी आल्या म्हणून तो पॅच मागं घेतला गेला. तेव्हा निव्वळ कागदोपत्री वाटणारा धोका कर्नल बदलत गेला तसा खराखुरा झाला. हे टिपण नसतं तर पुढच्या कुणीतरी तीच जुनी दुरुस्ती पुन्हा आणली असती.

अँड्रॉइडच्या खालीही हाच कर्नल असतो. सेटिंग्जमध्ये फोनच्या माहितीत कर्नलची आवृत्ती दिसते. तिथल्या तीन आकड्यांपैकी तिसरा म्हणजे स्टेबल शाखेतल्या दुरुस्त्यांचा कितवा हप्ता तुमच्यापर्यंत पोहोचला तो. फक्त एवढं लक्षात ठेवा, की काही कंपन्या आकडा न बदलता निवडक दुरुस्त्या स्वतःच बॅकपोर्ट करतात. म्हणून त्याच पानावरची सुरक्षा अपडेटची तारीखही पाहावी.