एक्सएमएल क्वेरी भाषा

एक्सएमएल (मजकुरात खुणा घालून माहितीची रचना दाखवणारी पद्धत) दस्तऐवजांच्या साठ्यातून हवा तो भाग शोधणे, अनेक दस्तऐवजांतील माहिती जोडणे व तिला नवे रूप देणे यांसाठी घडवलेल्या भाषा. एक्सपाथ, एक्सक्वेरी, एक्सएसएलटी व एसक्यूएल/एक्सएमएल (तक्त्यांतील माहितीसाठीच्या एसक्यूएल या क्वेरी भाषेला दिलेली एक्सएमएलची जोड) या त्यांपैकी प्रमुख होत.

एक्सक्वेरीचा उगम शोधताना दोन प्रवाह दिसतात. एक अर्धसंरचित विदेच्या (ठरावीक साच्यात न बसणाऱ्या डेटाच्या) अभ्यासकांचा : स्टॅनफर्डची लोरेल आणि ऑगस्ट १९९८ मध्ये डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानके ठरवणाऱ्या संस्थेकडे सादर झालेली एक्सएमएल-क्यूएल. दुसरा दस्तऐवज हाताळणाऱ्यांचा : एक्सक्यूएल व एक्सपाथ (१९९९). चेंबरलिन, रॉबी व फ्लोरेस्कू यांनी २००० मध्ये मांडलेल्या क्विल्ट भाषेत हे दोन्ही प्रवाह एकत्र आले. क्विल्ट म्हणजे गोधडी, आणि नाव अन्वर्थकच आहे : मार्ग दाखवण्याची रीत एक्सपाथ-एक्सक्यूएलची, चलांना मूल्ये बांधण्याची एक्सएमएल-क्यूएलची, उपवाक्यांची ठेवण एसक्यूएलची, पदावलीत (एक्स्प्रेशनमध्ये) पदावली गुंफण्याची ऑब्जेक्ट डेटाबेसांसाठीच्या ओक्यूएलची. लोरेल मुळात ओईएम (ऑब्जेक्ट एक्सचेंज मॉडेल) या विदेच्या निराळ्या प्रारूपासाठी होती. तिला थेट पूर्वज मानण्यापेक्षा प्रेरणा म्हणणे अधिक सयुक्तिक. एक्सक्वेरीचा पहिला मसुदा फेब्रुवारी २००१ चा. डब्ल्यूथ्रीसीची शिफारस, म्हणजे अंतिम मानक, मात्र जानेवारी २००७ मध्ये आली. त्यामुळे भाषेचा जन्म २००७ चा धरणे फारसे बरोबर नाही.

यांपैकी भाषा निवडताना बहुधा दुर्लक्षित राहते ती तुलनेची रीत. एक्सक्वेरीत प्रत्येक मूल्य म्हणजे एक अनुक्रम (घटकांची क्रमवार यादी). 'बरोबर' हे चिन्ह दोन अनुक्रमांतील कोणतीही एक जोडी जुळली की सत्य ठरते; 'बरोबर नाही' हे चिन्हही एखादी जरी जोडी वेगळी निघाली, तरी सत्यच. एका पुस्तकाचे दोन लेखक असतील, तर त्यांपैकी एकाच्या नावाशी केलेल्या दोन्ही तुलना एकाच वेळी सत्य होतात. 'लेखक अमुक नाही' अशी अट लिहायची, तर संपूर्ण समता-तुलनेलाच नकार द्यावा लागतो. एकेकट्या मूल्यांसाठी 'ईक्यू' हा वेगळा कारक (तुलनेचा ऑपरेटर) आहे. एसक्यूएलची सवय असलेले येथे हमखास चुकतात.

नुसता घटक गाठायचा असेल, तर एक्सपाथ पुरे. मुख्य विदा तक्त्यांत व एखाद्याच स्तंभात एक्सएमएल असेल, तर एसक्यूएल/एक्सएमएल सोयीची. आयएसओ ९०७५ मानकाच्या या १४ व्या भागाच्या २००६ च्या आवृत्तीत एक्सक्वेरीही सामावली आहे. मजकुरात खुणा मिसळलेले, क्रमाला अर्थ असलेले दस्तऐवज बेसएक्स किंवा एक्झिस्टसारख्या डेटाबेसमध्ये असतील, तर एक्सक्वेरीच योग्य. दस्तऐवजाचे आरंभापासून शेवटपर्यंत रूपांतर करण्यास एक्सएसएलटी अधिक सुटसुटीत. साठ्यात बदल करण्याची सोय एक्सक्वेरीच्या मूळ शिफारशीत नव्हती. ती २०११ च्या पुरवणी शिफारशीने आली.